आईनं दिल्लीच्या भिंतीले "येतो" म्हटलं

अकोलेकरहो, आज आईला दिल्लीचं युद्धस्मारक दाखवलं. भिंतीवर नावंच नावं, त्यात माझ्या दादाचंही. आईला वाचता येत नाही, म्हणून तिचा हात मीच त्याच्या नावावर ठेवला. तिनं पदरानं ती अक्षरं पुसली. तो शेतातून आला की त्याचं तोंड पुसायची, तशीच.

निघताना माझ्या तोंडून गेलं, "दादा, जातो आमी."

आई भडकलीच. "जातो म्हनू नोको वं, येतो म्हन! सुट्टी संपली तवा तोबी येतोच म्हनून गेला व्हता."

मग भिंतीकडे वळून हळूच म्हणाली, "येतो रे बाबू. पाहू आता, आधी कोन येते."

तुमच्या घरी असं कोणाचं 'येतो' बाकी आहे का?