वेगळी चूल, सभेत धूर

बसा हो, चहा येतोय. तोवर माझी फजिती ऐका. हसायचं तर खुशाल हसा. भर मांडवात गाव हसलंय, तुम्हीच कशाला मागे राहता!

मी शबाना. यवतजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचा कॉम्प्युटर बघते. बघते म्हणजे काय, कित्येक वर्षं 'तात्पुरती' म्हणूनच बघत होते! आमचे चेअरमन आबा मनाने राजा माणूस, पण माईक हातात आला की सोडत नाहीत. वार्षिक सभेआधी मला म्हणाले, "पोरी, गुडघं आता साथ देत न्हाईत. मला घरबसल्या समदा दुधाचा कारभार दिसाया पायजे. सभेत करून दाखव, आन् त्याच सभेत तुला कायम करतो!"

"करते की आबा!" माझी जीभ नेहमी पुढे असते, डोकं मागून येतं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टिम आहे. त्यात मी दुधाच्या प्रोग्रॅमसाठी एक कंटेनर केला. कंटेनर म्हणजे काय? एकाच घरात वेगळी चूल मांडतात ना, तसं. घर एकच, पण संसार निराळा. अडचण एवढीच, की या आतल्या संसाराला स्वतःचा स्क्रीनच नसतो. त्याचा डेस्कटॉप, म्हणजे त्या खिडक्या, ती बटणं, माझ्या लॅपटॉपवर आणून दाखवायची होती. माझ्याकडे आला की आबांच्या घरी न्यायला कितीसा वेळ?

पण येतोय कुठला! सभेचा दिवस उजाडला तरी लॅपटॉपवर नुसता काळोख. अमावस्या परवडली!

त्यात आमचे सेक्रेटरी बाळूमामा म्हणाले, "शबाना, औंदा सभेचे विषय मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं ठरलंय. तेवढं जोडून दे." मग संस्थेच्या कॉम्प्युटरची वायर मांडवातल्या मोठ्या स्क्रीनला मीच जोडली. हो, मीच! हे ध्यानात ठेवा. स्क्रीनवर विषय आला की लोकांनी 'मंजूर' म्हणायचं, असं ठरलं. तसाही आमच्याकडे विषय वाचतो कोण? सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे.

सभा सुरू झाली. मी मांडवामागे, आचाऱ्याच्या पातेल्यांशेजारी लॅपटॉप घेऊन बसले; त्यावरूनच संस्थेच्या कॉम्प्युटरमधला कंटेनर चालवत होते. तिथून मोठा स्क्रीन दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता.

मनात आलं, कुठल्या स्क्रीनवर दाखवू म्हणून कंटेनर नंबर विचारतोय, तिथे शून्य टाकून बघू. टाकलं. मग एक चाचणीची कमांड असते, तिच्यात जे लिहाल ते स्क्रीनवर ठळक झळकतं. मी लिहिलं, 'दिसतंय का?'

लॅपटॉप काळा. मांडवातून मात्र आवाज आला, "दिसतंय! दिसतंय!"

म्हटलं, आबांनी विचारलं असेल लोकांना.

आबांचं भाषण लागलं. इकडे मी घामाघूम. लिहिलं, 'अजून किती वेळ लावणार?' लॅपटॉप काळाच, आणि मांडवात हशा. वा, आबा रंगात आलेले दिसतात!

मग माझं डोकं फिरलं. 'पुरे झालं, जेवायची वेळ झाली!' टाळ्या! शिट्ट्या! आबांच्या भाषणाला शिट्ट्या? मला तर भरून आलं हो. म्हटलं, या वयात काय बोलत असेल माणूस!

एवढ्यात माईकवर आबा, "हसा, हसा! आता शेवटचा विषय. आपल्या शबानाचा. मामा, लावा स्क्रीनवर."

दाखवायला काही नाही, आता कसलं कायम आणि कसलं काय! राग काढायला तरी दुसरं कोण होतं तिथे? लिहिलं, 'शबाना, तू एक नंबरचं गाढव आहेस!' आणि दाबलं बटण.

"मंजूर! मंजूर! मंजूर!"

बाळूमामा धापा टाकत मागे आले. "अगं माझे आई, थांबव ते! आबांच्या मागं स्क्रीनवर काय बी यायलंय. तुझंच हाय न्हवं?"

मी मांडवात डोकावले. आबांच्या डोक्यावर माझं नाव, माझं गाढव! तेव्हा कुठे उजेड पडला. शून्य नंबर म्हणजे संस्थेच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा स्क्रीन. चूल वेगळी मांडली मी, पण धुराडं काढलं थेट बैठकीत!

आबांनी चष्मा लावला, मान वळवून सगळं सावकाश वाचलं.

"पोरी, हे तुझ्या त्या आतल्या चुलीतनंच आलं का?"

"व्हय आबा. चुकून आलं."

"आलं न्हवं? म्हंजी चालतंय की! आत लिवलं, भाईर दिसलं. जा, कायम केली तुला!"

जिवात जीव आला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, पण ठराव तर दुसराच मंजूर झालाय!"

आबांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सभेच्या शबुदाबाहेर म्या कसा जानार? लिवा मामा, दोन्ही कायम!"

तेव्हा मंडळी, चहा घेताना जरा मान राखा. समोर बसलेलं हे गाढव सर्वसाधारण सभेनं एकमतानं मंजूर केलेलं आहे, आणि तेही कायम!