कॅनडाचं स्थळ

ये गो बाय, अशी जवळ बस. इतक्या महिन्यांनी तोंड दाखवतेस आणि उंबऱ्यावरूनच निघायच्या गोष्टी करतेस, हे काही बरं नाही. चहा टाकलाय, पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे पाव आहेत, आणि आमच्या जाऊबाईंच्या भावाचं तुला सांगायचं राहिलंय. कुठल्या देशाने मोठं व्हावं आणि कुठल्याने गप्प बसावं, हे केरीच्या फेरीधक्क्यावर बसून ठरवणारा असा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल.

तेरेखोल नदीच्या फेरीबोटीवर खलाशी म्हणून त्याचा जन्म गेला. ह्या काठाचा दोर सोडायचा, त्या काठाला बांधायचा, एवढाच त्याचा प्रवास. निवृत्त झाला तरी रोज धक्क्यावर जातो, दोर कसा फेकावा ते नव्या खलाशांना शिकवतो, ते ऐकत नाहीत, मग परदेशी पाहुण्यांकडे वळतो.

त्याची एकुलती एक मुलगी कॅनडात नर्स आहे. तिथलं नागरिकत्व मिळायची वेळ आली तेव्हा तिने फोनवर सांगितलं, भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. दुसरा बाप रडला असता, नाहीतर पेढे वाटले असते. ह्याने मुलगी लग्नात द्यायची असावी तशी स्थळाची चौकशी सुरू केली. म्हणाला, "आपला चेडू देवचा तर घराणा बघूक नको?"

जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरला. घर ऐसपैस, पण माणसं थोडी. खाऊनपिऊन सुखी, स्वभावाने गरीब, शेजारी तेवढा दांडगा. आता महासत्ता व्हायची धमक आहे का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी फेरीवर भेटेल त्या गोऱ्याला तो अडवायचा. रशियाचा म्हणाला चांगले लोक, इस्रायलची पोरगी म्हणाली चांगले लोक, त्या दांडग्या शेजाऱ्याकडचा एक म्हातारासुद्धा म्हणाला फार चांगले. तेव्हापासून ह्याची झोप उडाली. चौकशीत सगळेच गोड बोलले की स्थळात खोट असणार, हे त्याचं ठाम मत. शिवाय सगळ्यांना आवडणारा माणूस आमच्याकडे कधी सरपंच झाला नाही, मग तसला देश महासत्ता कसा होणार? मी म्हटलं, झाला नाही तर तुझं काय अडलं? तर म्हणाला, उद्या पोरीला कोणी विचारलं कोणाकडची, तर नाव ऐकून समोरच्याने उठून जागा दिली पाहिजे.

शेवटी देवाला कौल लावायला निघाला. मलाही सोबत नेलं. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. रांगेत कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची सून अडलेली. कॅनडा महासत्ता होणार का, हा ह्याचा प्रश्न ऐकून भटजी थबकले. "बाबा, देवाची हद्द गावच्या शिवेपर्यंत. पुढचं तिथल्या देवाला विचार."

तो हलायला तयार नाही. चेडू ह्या देवाचं, तर चौकशीही ह्यानेच करायची. मागून म्हशीवाली करवादली, "उरका रे, तवसर माझी म्हस शीव वलांडून महाराष्ट्रात पोचतली."

भटजींनी गाऱ्हाणं घातलं. देवालाही कॅनडा शोधायला वेळ लागला असावा, कारण पाकळी काही हलेना. मग पडली ती डावी.

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आता हा नाही म्हणणार आणि पोर तिकडे ताटकळत राहणार, म्हणून मी समजुतीचे शब्द जुळवत होते. तेवढ्यात त्याने फोन लावला.

"डावी पडली गो. तुझो कॅनडा काय महासत्ता होवचो नाय."

ह्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बरा झाला. मोठ्या घरच्या सुनेक माहेराक कोण धाडता? घे शपथ."

तिने घेतली. आता बापाकडे यायलाही तिला व्हिसा लागतो, हे कोणीतरी त्याला सांगितलं. तेव्हापासून संध्याकाळची फेरी लागली की उठून उभा राहतो, कोण कोण उतरतंय ते बघतो, आणि परत बसतो.

तुला तर असला काही कागद लागत नाही ना, बाय? मग लवकर येत जा.