साडेसहाची गाडी

“वाढदिवसाला काय पाहिजे तुला?” असं मी मुलीला विचारलं, तेव्हा ती ओट्यावर चिंचोके मांडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, “टेशन.”

आम्ही नुकतेच पाचोऱ्याहून, तिच्या मामाकडून परतलो होतो. गाडी दोन तास उशिरा होती आणि त्या दोन तासांत तिनं पाचोऱ्याचा फलाट असा बघून घेतला, की जणू तिला तो पुढं विकत घ्यायचा होता. घंटा कोण वाजवतो? झेंड्या दोन का? गाडी आली नाही तरी त्या माणसाला राग का येत नाही? मी तेव्हा जळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. पिंपळनेरकडच्या आमच्या गावातला, आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांतलाही, बी. ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी लपवत नाही. मेहनतीनं मिळवलेलं आहे. पण पाचवं वर्ष संपत आलेल्या त्या पोरीनं फलाटावर मला तीनदा गप्प केलं.

आमच्याकडे वाढदिवस ही भानगड नव्हती. मुलगा असला तर तिथीला ओवाळून हातावर गुळाचा खडा ठेवायचे. मुलीला बहुधा तेही नाही. पण पुण्यात शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांच्या घरचा वाढदिवस मी पाहिला होता. त्यांच्या लहान मुलासाठी बैठकीच्या खोलीचं रान केलं होतं. झाडांच्या फांद्या, कागदाचे पोपट, गवताची गुहा. मला वाटलं, आपल्याला जेवायला बोलावलंय. धुतलेला सदरा घालून गेलो, तर मला घोंगडी पांघरून कोपऱ्यात अस्वल म्हणून बसवलं. अंगानं मी थोराड होतो ना! दीड तास बसलो. पोरं येऊन कान ओढत होती. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण घोंगडीच्या आतून मी सगळं टक लावून बघत होतो. एका पोराच्या हौसेसाठी घरातली मोठी माणसं अख्खं रान उभं करतात, ही गोष्ट मला नवीन होती. तेव्हाच मनात घेतलं, आपल्याला मूल झालं की आपणही काहीतरी उभं करायचं.

माझी थोरली बहीण, अक्का, थंडीचे चार दिवस राहायला म्हणून गावाकडून आली होती. सोबत भरताच्या वांग्यांची टोपली. तिनं बेत ऐकला आणि कपाळावर हात मारला.

“पोरना वाढदिस? आनि घरमा टेशन? भाऊ, शिकी शिकी तुनं डोकं फिरनं!”

टेशन ठरलं. मग मुलीनं दुसरी गोष्ट सांगितली. ती मागणी नव्हती, अट होती.

“आणि ती आपल्याकडे जेवली पाहिजे.”

ती म्हणजे शेजारच्या कापडदुकानवाल्या मारवाडी शेठजींची नात. आमच्या मुलीपेक्षा वर्षानं मोठी. दोघी दिवसभर आमच्या ओट्यावर एकमेकींना चिकटलेल्या असत, पण आमच्याकडे ताटं मांडली की ती उठून घरी पळायची. “ती आपल्याकडे का जेवत नाही?” हे मुलीनं मला पूर्वीही विचारलं होतं आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. खरं उत्तर माझ्या मनात तयार होतं: आपण कुणबी, ते शेठ. असल्या घरांच्या उंबऱ्याबाहेर लहानपणी उभा राहिलेला माणूस मी. जे माहीतच आहे ते विचारायचं कशाला? या वेळी मात्र मुलीला म्हणालो, “बोलावू. येईल.” येईल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मुलीला मात्र पक्कं ठाऊक होतं.

पुढचे दोन-तीन रविवार मी वही घेऊन जळगावच्या स्टेशनावर जाऊन बसलो. वर्षानुवर्षं गाडीत चढलो-उतरलो, पण स्टेशन म्हणून ते कधी पाहिलंच नव्हतं. सिंगलचा हात पडल्यावर गाडी यायला किती वेळ लागतो, गार्ड झेंडी कुठल्या हातात धरतो, सगळं उतरवून घेतलं. तिथं दिव्यांच्या खोलीत एक म्हातारा काचा पुसत बसायचा. मी दर वेळी काय लिहितो, याचं त्यालाही कुतूहल होतं. एकदा त्यानं सिंगलच्या दिव्यापुढं बसवायची एक काच माझ्या हातात दिली.

“मास्तर, रंग सांगा.”

“निळा.”

“आणि गाडीला वाट मोकळी असली की सिंगल कसलं दिसतं?”

“हिरवं.”

“मग?” असं म्हणून तो दात नसलेल्या तोंडानं हसला.

मी चक्रावलो. मग लक्षात आलं. रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळी. पिवळ्यापुढं निळसर काच धरली की बघणाऱ्याला हिरवा उजेड दिसतो. घरी येऊन दिवेलागणीला मी कंदिलाभोवती पतंगाचा निळा कागद गुंडाळून बघितला. एका पदरानं जमेना, दोन पदरांनी जमलं. ओट्यावर हिरवं सिंगल पडलं! मुलगी टाळ्या पिटायला लागली आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. तिथंच मी ठरवून टाकलं की वाढदिवस अंधार पडल्यावर करायचा. उजेडात हे काय दिसणार!

मग घरात दुसरं काही सुचेना. बाहेरच्या खोलीत रॉकेलचे दोन डबे आडवे बांधून इंजिन केलं. त्यावर पत्र्याच्या नळकांड्याची चिमणी आणि आत उदाची वाटी, म्हणजे धूर निघावा. मागं विणलेल्या दोन बाजा, ते गाडीचे डबे. सिंगलचा हात वेळूच्या कामटीचा, दोरी ओढली की खाली पडायचा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तिकिटं केली आणि त्यांवर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘जळगाव ते पाचोरा, सायंकाळी साडेसहा.’ तीच आमंत्रणं. खायला फलाटावर मिळतं तसं: कांदाभजी, बटाटेवडे, आणि अक्काच्या आग्रहानं पुरी-भरीत.

पहिलं तिकीट शेजारी गेलं. मुलगी स्वतः देऊन आली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी ते तिकीट हातात घेऊन शेठजींची आई दारात उभी. सगळी आळी तिला दादी म्हणायची. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं आधी इंजिनाकडे नीट बघून घेतलं, चिमणीत डोकावली, मग माझ्याकडे वळली.

“मास्तरजी, ही गाडी कोणी लावली?”

“मीच. का हो?”

“साडेसहाला सूरज असतो?”

“नसतो. म्हणून तर लावली. अंधाराशिवाय सिंगल कसं दिसेल?”

“मग आमची पोरगी सिंगल बघेल आणि घरी येईल. सूरज बुडाल्यावर आमच्यात पाणीसुद्धा तोंडात घेत नाहीत.” मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, “जेवण काय ठेवलंय?”

अक्कानं आतून ठसक्यात सांगितलं, “भरीत! कांदानी भजी, बटाटाना वडा!”

दादी बोटांवर मोजायला लागली. “वांगं नाही चालत. कांदा नाही. बटाटा नाही. रात्र नाही.” आणि एकदम खो खो हसली. “मास्तरजी, शोधून शोधून आणलंत का हो हे सगळं आमच्यासाठी?”

मी ओशाळलो, आणि ओशाळलो की माझी जीभ जरा ताठ होते. म्हणालो, “तुमच्या घरचं कोणी आमच्याकडे जेवतच नाही, तर आम्हाला काय कळणार?”

“बी. ए. ना तुम्ही? चार वर्षं भिंतीला भिंत आहे. आमची चूल किती वाजता विझते, दिसत नाही?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि बोलावलं कधी होतं?”

खरंच बोलावलं नव्हतं. जात बघून उंबऱ्याबाहेर ठेवणारी घरं नव्हती असं नाही. होती, मला नावानिशी आठवतात. पण या घराचा निकाल मी न विचारताच लावून मोकळा झालो होतो. आणि विद्यार्थ्यांना मात्र सांगायचो, आधी पडताळा घ्या, मग उत्तर लिहा.

दादी गेल्यावरही मी अडून बसलो होतो. बायकोला म्हणालो, “दोन पदरी कागद लावून ठेवलाय. दिवसा सिंगल म्हणजे नुसतं काठीला फडकं.”

ती शांतपणे म्हणाली, “दिवे दिसायला हवेत, की ती पोर जेवायला हवी? काय ते ठरवा. मला त्याप्रमाणं कणीक भिजवायची आहे.”

मी आशेनं मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, “गाडी उशिरा येते ना, मग लवकरपण येईल.”

वेळ साडेचारची केली. लाल पेन्सिल घेऊन पोरांच्या घरोघर फिरलो आणि प्रत्येक तिकिटावरचं साडेसहा खोडून साडेचार केलं. दुसऱ्या दिवशी दादी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. कणीक दुधात भिजव, पाणी फडक्यानं गाळ, शिरा तुपात होऊ दे, असं बायकोला सांगत होती. चौकशाही तितक्याच: तुमच्याकडे कळण्याची भाकर कशी करतात, ह्या वांग्याला काटे का नाहीत. अक्काला काही ते रुचेना.

“मना वांगासनी काय पाप करं वं बाई?”

“पाप नाही, बहन. बिया लई आहेत,” दादी म्हणाली. मग दोघी वांग्यांच्या बियांवर बराच वेळ बोलल्या. कोण जिंकलं, कळलं नाही.

साडेचारला पोरं आली. म्हणजे पाचच्या सुमारास. इंजिनातून धूर निघत होता. मी डोक्याला फेटा गुंडाळून, हातात दोन झेंड्या घेऊन टेशनमास्तर. मुलगी ओट्याकडच्या दारात, आडव्या वेळूच्या फाटकावर तिकीट तपासणारी. माझा काळा कोट तिच्या घोट्यापर्यंत आलेला. एकेकाचं तिकीट उलटं-सुलटं बघून ती आत सोडत होती. सगळ्यात शेवटी, नवं परकर-पोलकं घालून, दादीचं बोट धरून तिची मैत्रीण आली. तिनं तिकीट पुढं केलं. मुलीनं ते बघितलं, पुन्हा बघितलं आणि परत दिलं.

“लाल नाही यावर. तुझी गाडी साडेसहाची.”

घरोघर हिंडलो होतो, आणि शेजारचंच तिकीट बदलायचं राहिलं होतं. त्यांना सांगून झालंय, मग तिकीट कशाला, असंच मी धरून चाललो असणार.

“दादीनं सांगितलं ये म्हणून,” मैत्रीण पुटपुटली.

“सोड गं तिला,” मी म्हणालो. “आपलीच आहे ती.”

“पाचोऱ्याला त्या म्हातारीला नव्हतं सोडलं,” मुलगी म्हणाली. कोणती म्हातारी? मी बघितलीच नव्हती. तिनं बघितली होती. तिचा हात फाटकावर तसाच आडवा. मी लाल पेन्सिल शोधायला लागलो. फळीवर नाही, खिशात नाही, दप्तरात नाही. बाजांवरची पोरं ‘गाडी सोडा, गाडी सोडा’ म्हणून ओरडत होती. इकडे मैत्रिणीचे डोळे भरून आले.

“मास्तरजी,” दादी म्हणाली, “तुमची गाडी थांबेल. सूरज नाही थांबायचा.”

मुलीनं एकदा मैत्रिणीकडे बघितलं, एकदा दादीकडे. मग तिकिटांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. कोट अंगातून काढला, फाटकावर टाकला आणि आत गेली. मला वाटलं, रुसली. तर ती दोन्ही हातांत ताट सांभाळत बाहेर आली. चार पुऱ्या, शिरा, दोन केळी. माझ्या पायांजवळून, झेंड्यांखालून वाकून ती सरळ फाटकाबाहेर गेली आणि ओट्याच्या कडेला ताट ठेवून बसली.

“ये. इथं टेशन नाहीये. इथं तिकीट नाही लागत.”

मैत्रीण दादीकडे बघायला लागली. दादीनं आपला पदर आवरला आणि तिला पुढं ढकललं. “बस, बेटा.”

आत पोरांनी माझी वाट न बघताच गाडी सोडली होती. अक्का शिट्टी फुंकत होती. मी फाटकात उभा राहून ओट्याकडे बघत होतो. दोघी एका ताटात जेवत होत्या. आधी घासाघासाला एकमेकींकडे बघून हसत होत्या, मग हसणं राहिलं आणि नुसतं जेवण चाललं. दादी पायरीवर बसून समोरच्या घराच्या कौलांवर नजर लावून होती. ऊन वरच्या दोन ओळींवर उरलं होतं.

“आहे,” ती म्हणत होती. “आहे अजून. सावकाश खा.”

शेठजींच्या नातीनं ताटातला शिरा बोटानं पुसून घेतला. मग पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून, जरा दबत म्हणाली, “आणखी एक पुरी द्या ना.”

मी झेंड्या तिथंच टाकल्या आणि आत पळालो.