पुसला गेलेला चेहरा

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावरचा निफाडचा प्रोग्रॅमर काल घर सोडून पुण्याला गेला, म्हणून त्याच्याबद्दल आजच लिहिते. तो दाराबाहेर चपला अगदी जोडीने काढायचा आणि प्रोग्रॅममधली चूक शोधताना संगणकाशी बोलायचा, "का रे बाबा, का रुसला?"

जुने फोटो बघायला त्याने मला एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. पहिल्याच दिवशी मी फोटोवर उघडलेली कॅल्क्युलेटरची खिडकी बाजूला सरकवली, तर तिच्याखालचा तुमच्या आजोबांचा चेहरा पुसला गेला. मूळ फोटो वाळवीने खाल्लेला, संगणकातली प्रत तेवढी उरलेली. मी घाबरून त्याला हाक मारली.

त्याने आधी तोच फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवला. "काकू, काका सुखरूप हायेत. आता पाणी प्या."

मग तो कॅल्क्युलेटर फडक्यासारखा फोटोवर फिरवत बसला आणि एकदम हसला. "फोटोच्या खिडकीला काय लक्षात राहत नाय. झाकलेला भाग उघडा पडला, की ती प्रोग्रॅमला म्हणते, पुन्हा रंगव. माझा प्रोग्रॅम एकदाच रंगवून मोकळा!"

"म्हणजे चूक तुझी."

"माझीच. लय नवशिकी चूक."

दुरुस्ती झाल्यावर त्याने माउस माझ्याच हातात दिला. "आता पुसून दाखवा काकांना." मी दहा वेळा प्रयत्न केला.

तो फोटो माझ्याकडे अजून पूर्ण आहे, भुवईवरच्या व्रणासकट.