पिन टोचल्यानंतर

मुलींच्या कॉलेजात मला दरवर्षी स्वसंरक्षणाच्या कायद्यावर बोलायला बोलावतात. अमरावतीत वकिली करणारी बाई, बोलते खणखणीत, वेळेवर येते. त्यांना आणखी काय हवं? मीही ऐटीत जाते. परत येते ती मात्र मान खाली घालून, आणि त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी अकोल्यात जठारपेठेत राहायचे, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. अकोटला मावशीकडे गेले होते, तिथून दुपारच्या एसटीनं परत निघाले. ओढणीला दोन सेफ्टी पिना होत्या. एक खांद्यासाठी, दुसरी बसमधल्या हातांसाठी. आईनं शिकवलंच होतं तसं. "बोलत बसू नको. टोचजो फक्त. मांगचा आपोआप हात काढून घेते." त्याआधी दोनदा टोचली होती आणि दोन्ही वेळा आईचं म्हणणं खरं ठरलं होतं.

गाडी खच्चून भरलेली. मला खिडकीशी जागा मिळाली. थोड्या वेळानं सीटच्या फटीतून कमरेला बोटं लागली. मी पुढे सरकले. बोटं पुन्हा आली आणि कुर्त्यावरच्या आरशांशी चाळा करू लागली. माझं डोकंच फिरलं. पिन काढली, मागे न बघता जोरात टोचली आणि उठून ओरडले, "लाज नाही वाटत?"

मागच्या सीटवर एक म्हातारा होता. मांडीवर तीनेक वर्षांची नात. क्षणभर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं टाहो फोडला. तिच्या बोटावर रक्ताचा थेंब होता. म्हाताऱ्याचे दोन्ही हात तिला धरून तिच्या पोटाशी होते.

मला सगळं कळलं, तिथल्या तिथे कळलं. पण तोवर शेजारच्या दोघांनी त्याची कॉलर धरली होती. "बायाइले हात लावतं काय बे?" एक थप्पड बसली, दुसरी बसली. तो पोरीचं डोकं हातानं झाकत माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, पोरीचा हात व्हता तो. तुमी सांगा ना याइले."

त्या गोंगाटात ते बहुधा मलाच ऐकू आलं. "थांबा, माझी चूक झाली," एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. अख्खी गाडी माझ्या बाजूनं उभी होती. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत "बरं केलं माय" म्हणत होती. लेकराला पिन टोचली हे त्या सगळ्यांसमोर कबूल करायची माझी हिंमत झाली नाही. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली आणि एका फाट्यावर, रणरणत्या उन्हात, म्हाताऱ्याला आणि नातीला उतरवलं. त्यांची पिशवी कुणीतरी खिडकीतून खाली फेकली. त्या बाईनं मला पाणी दिलं आणि मी ते प्यायले.

कायदा मी नीट शिकले आहे. धोका आहे असं खरोखर वाटलं असेल, तर चुकून केलेला वारही तो समजून घेतो. पिनेपुरती मी सुटते. मुलींनी पिन ठेवू नये असंही मी म्हणणार नाही, जरूर ठेवावी. पण भीती संपली की हक्कही संपतो, हेही त्याच कायद्यात आहे. माझी भीती त्या पोरीचं बोट पाहताच संपली होती. त्यानंतर त्या माणसाला जे सोसावं लागलं ते माझ्या नावावर सोसावं लागलं, आणि मी गप्प बसले ती फक्त माझी अब्रू वाचवायला. याची मला अजून लाज वाटते. त्याला शोधायचा प्रयत्नही मी कधी केला नाही, याची तर जास्तच.

यंदाच्या भाषणानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, चुकून भलत्याच माणसाला लागलं तर?"

मी घडाघडा उत्तर दिलं. प्रामाणिक चूक असेल तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. टाळ्या पडल्या. ती काही बसेना.

"पन मंग त्या मानसाचं काय?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ संपली असं सांगितलं. अजून वीस मिनिटं बाकी होती.