जो गोल मारील तो पर्मनंट

जिनिंग फॅक्टरीत काम केलेल्या माणसाच्या नाकात रुई जाऊन बसते. काम सुटून कित्येक वर्षं झाली तरी जोराची शिंक आली की वाटतं, आणखी थोडी निघाली. आमच्या फुटबॉल टीमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. टपरीवर कोणी नुसतं ‘म्यानेजर’ म्हणालं की एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

तर दारव्ह्याला एक जिनिंग फॅक्टरी होती. पंचावन्न-छप्पनपासूनची गोष्ट. दिवाळीला कापूस यायला लागला की रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुरू, होळीच्या आगेमागे बंद. रेचे बंद झाले की आम्ही सगळे घरी. वर्षभर पगार खाणारे म्हणजे पर्मनंट, ते अगदी मोजके. शेठजींना फुटबॉलची हौस होती, म्हणून सीझनच्या मजुरांतूनच त्यांनी टीम उभी केली. आम्हाला फुटबॉलचं काही पडलं नव्हतं. आम्हाला पर्मनंट व्हायचं होतं.

मी गोलकीपर. सेंटर फॉरवर्ड होता देवसिंग, आर्णीकडच्या तांड्यातला. कापसाचं भलंमोठं बोंद्रं एकटा पाठीवर घ्यायचा अन् संध्याकाळी मैदानावर असा पळायचा की पाहणाऱ्याला वाटावं, हा दिवसभर झोपलाच होता. सीझन संपला की तो आपल्या मायसोबत सडकेवर गिट्टी फोडायला जायचा. एकदा मला म्हणाला, “मी पर्मनंट झालो ना, तं मायच्या हातातला हातोडा पयले विहिरीत फेकून देईन.” त्याला बाकी काही नको होतं.

*

पहिले म्यानेजर बापूराव. फॅक्टरीचे हेडक्लार्क. काळी टोपी, हातात छत्री, तीही भर डिसेंबरात. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण माणसं कशी हलवायची ते आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता.

आर्णीला पहिली म्याच. आम्हाला ओळीत उभं करून छत्री जमिनीवर आपटली अन् म्हणाले, “मी एकच सांगतो. जो गोल मारील तो पर्मनंट. शेठजीचा शब्द हाय.”

झालं. शिट्टी वाजली अन् आमचे दहाच्या दहा गडी समोरच्या गोलवर धावले. बॅक म्हणून ठेवलेला रहीम, जो कधी अर्ध्या मैदानाच्या पुढं गेला नव्हता, तोही सगळ्यांच्या पुढं. देवसिंगपुढं गोल उघडा होता, तर आमच्याच दोघांनी त्याची बनियन मागून धरली.

“सोड बे, मले मारू दे. मले लेकरं हायेत.”

“मंग मायाजवळ काय मांजरी हायेत?”

इकडं मी एकटा. आर्णीची पोरं चालत चालत यायची, गोल मारायची अन् परत जायची. एकानं तर मारायच्या आधी मला विचारलं, “कोन्या बाजूनं मारू?”

म्याच संपल्यावर बापूराव खरोखर विचारात पडले होते. म्हणाले, “एवढे सगळे पुढं गेले, तरी गोल काहून नाही झाला?”

*

बापूराव धडा शिकले. पुढच्या म्याचला त्यांनी नवीन कायदा काढला. “आपल्यावर गोल झाला तं सगळ्याइची हजेरी बंद.”

मग काय, आम्ही सगळे गोलमध्ये. दोन खांबांच्या मध्ये हरभऱ्याच्या पेंढीसारखे दाटून उभे. मी गोलकीपर असून मला बॉल दिसत नव्हता, फक्त रहीमची पाठ दिसत होती. समोरची टीम मारून मारून दमली. बॉल कोणाच्या पोटावर, कोणाच्या तोंडावर. कोणी हललं नाही. हजेरीचा, म्हणजे रोजीचा प्रश्न होता.

म्याच बरोबरीत सुटली. बापूरावांनी शेठजींना ऐटीत सांगितलं की टीम सुधारून राह्यली. देवसिंग सुजलेला ओठ घेऊन त्यांच्यापुढं गेला. “बापूराव, मंग पर्मनंटचं काय?”

“गोल कुठं मारला तुमी?”

*

दुसरे म्यानेजर सुभेदार. फौजेतून आलेले, फॅक्टरीच्या गेटवर मुख्य होते. सकाळी मैदानाला चकरा मारायला लावायचे, शिव्या हिंदीत द्यायचे. मध्यंतरात स्वतःच्या हातानं संत्री सोलायचे. चांगला खेळला त्याला फोडी, वाईट खेळला त्याला साल, अन् ती साल त्यांच्यासमोर चावून खावी लागायची. मी पुष्कळ साली खाल्ल्या.

पण माणूस खरा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “नोकरी देनं माझ्या हातात नाही. मी खोटं बोलनार नाही. खेळाचं असन तं खेळा.”

त्यांच्या हाताखाली आम्ही जितकं वाईट खेळलो तितकं कधीच खेळलो नाही. पायच उचलत नव्हते. बॉल बाजूनं जायचा अन् माणूस त्याच्याकडं शेजाऱ्याच्या बैलाकडं पाहावं तसा पाहायचा. नुसतं खेळायसाठी कोण पळतं, दिवसभर बोंद्रे वाहून?

शेवटी देवसिंगच त्यांच्याकडं गेला. मी बाजूलाच होतो. हात जोडून म्हणाला, “सुभेदारसाहेब, थोडं खोटं बोला ना.”

सुभेदारांनी हातातलं संत्रं खिशात टाकलं. मग म्हणाले, “मले जमत नाही रे.” त्यांना काढलं, परत गेटवर बसवलं. मला त्या माणसाचं आजही वाईट वाटतं.

*

तिसरे आले धाकटे साहेब. शेठजींचे जावई. नागपूरला शिकलेले, बोलणं एकदम गोड. आम्हाला ‘मुलांनो’ म्हणायचे. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाच्या बहिणीचं लग्न अडलंय, सगळं विचारून ठेवायचे. आम्ही भाळलो. एवढं आपुलकीनं आम्हाला कोणी विचारलं नव्हतं हो.

त्यांनी नागपूरहून बूट आणले. एकाच नंबरचे सगळे. दुकानदारानं स्वस्तात दिले असतील. रहीमचे पाय लहान, तर त्यानं बुटात रुई कोंबली. देवसिंगचा पाय अर्धाही आत जाईना, म्हणून तो अनवाणीच खेळला. शेठजींनी टीम पाहिली अन् खूश होऊन म्हणाले, “वा, आता टीम वाटते.” देवसिंगला फोटोत मागच्या रांगेत उभं केलं, पाय दिसू नयेत म्हणून.

*

बाभुळगावच्या म्याचला धाकट्या साहेबांनी आम्हाला ओळीत उभं केलं नाही. एकेकाला बाजूला नेलं, खांद्यावर हात टाकला, कानात काही सांगितलं. मला म्हणाले, “तुझंच नाव दिलंय मी शेठजींकडे. पर्मनंटसाठी एकच जागा आहे. दुसऱ्या कोणाला बोलू नकोस, लोक जळतात.”

मी त्या दिवशी वाघासारखा खेळलो. सगळेच खेळले. रहीम तर डोक्यानं गोल अडवत होता. आम्ही जिंकलो.

परतताना ट्रकमध्ये रुईच्या गाठींवर बसलो होतो. आनंद पोटात मावेना, तर रहीमच्या तोंडून निघालंच. “कोनाले सांगू नका, पन साहेबानं मायं नाव देल्लं.”

“तुयं? मायं देल्लं.”

“काहीच्या काही. मले सांगतलं ना, कानात.”

ट्रकमधल्या प्रत्येकाचं नाव दिलेलं निघालं. आता तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला अक्कल आली असेल. छे. आम्ही प्रत्येकानं मनात हेच ठरवलं की बाकीच्यांना साहेबानं गंडवलं, खरं फक्त आपल्याला सांगितलं. पुढच्या म्याचला पुन्हा तसेच जीव तोडून खेळलो.

दरम्यान आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मुंबईतून महाराष्ट्रात आला. ऑफिसांच्या पाट्या बदलल्या. आम्ही सीझनचे ते सीझनचेच राहिलो.

*

मग यवतमाळची फायनल. मंडपात खुर्च्या टाकलेल्या, शेठजी पुढं, त्यांच्या बाजूला मोठमोठे पाहुणे. पहिल्या अर्ध्यातच समोरच्या बॅकचा बूट देवसिंगच्या गुडघ्यावर बसला. आवाज मला गोलमध्ये ऐकू आला.

मध्यंतरात त्याचा गुडघा पपईएवढा झाला होता. त्याला उभं राहता येईना. तेव्हा धाकटे साहेब मातीत बसले, चांगल्या पांढऱ्या पॅन्टसकट. स्वतःच्या हातानं त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं, स्वतःचा रुमाल काढून घट्ट बांधला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. म्हणाले, “देवसिंग, सासरे समोर बसलेत. आज जिंकून दे, उद्या तुझी ऑर्डर माझ्या सहीनं निघेल. तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो.”

शपथ घेतली तीही देवसिंगच्या आईची.

देवसिंग उठला. लंगडत खेळला. शेवटी शेवटी बॉल त्याच्याकडं आला, तेव्हा दुखऱ्या पायावर उभं राहून चांगल्या पायानं मारायचं तर दुखरा पाय अंगाचा भार घेईना. म्हणून त्यानं दुखऱ्याच पायानं मारला. गोल झाला. तो जिथं पडला तिथून आम्ही त्याला उचलूनच आणलं. शेठजींच्या गळ्यात हार पडला.

*

ऑर्डर उद्या निघाली नाही. होळी झाली, रेचे बंद पडले, तेव्हा मी अन् रहीम देवसिंगला धरून ऑफिसात घेऊन गेलो. धाकट्या साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग फार हळहळत म्हणाले, “अरे, पण पर्मनंट माणूस धडधाकट लागतो. या पायानं तू बोंद्रं कसं उचलणार? मी शेठजींना कोणत्या तोंडानं सांगू?”

देवसिंग म्हणाला, “साहेब, पाय तं तुमच्याच म्याचमंधी गेला.”

“म्हणूनच तर मला जास्त वाईट वाटतं.”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो त्यांच्या तोंडावर फेकावा असं मनात आलं. फेकला नाही. मलाही पुढच्या सीझनला काम पाहिजे होतं.

त्यानंतर देवसिंग बाराही महिने मायसोबत गिट्टी फोडायला लागला. त्या कामाला पाय लागत नाही, बसून होतं. दोघं समोरासमोर बसलेली मी ट्रकमधून बरेचदा पाहिली. माय म्हातारी झाली होती, हात थांबत नव्हता.

*

अन् हा शेवटचा किस्सा. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा तोच मंडप. आमच्यात निम्मी पोट्टी नवीन होती, तांड्यातलेही दोघं होते. म्याचच्या आधी पाहतो तर फॅक्टरीच्या ट्रकमधून धाकटे साहेब देवसिंगला उतरवून घेतायत. धुतलेलं धोतर, अंगात साहेबांचाच जुना कोट, काखेत काठी.

साहेबांनी त्याला आमच्यापुढं उभं केलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, “मुलांनो, हा देवसिंग. फुटक्या गुडघ्यानं गोल मारला यानं. आज तुम्ही असं खेळायचं. देवसिंग, यांना जोश येईल असे दोन शब्द सांग.”

एवढं बोलून साहेबांनी मान मंडपाकडं वळवली. शेठजी पाहत होते, पाहुणे पाहत होते. साहेब तिकडं हसून हात हलवायला लागले. दुसरा हात देवसिंगच्या खांद्यावर तसाच.

देवसिंगनं आमच्या सगळ्यांच्या पायांकडं पाहिलं. तांड्यातल्या त्या दोघांच्या पायांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, “पोट्टेहो, हरून या. पाय घेऊन या.”

साहेबांची मान अजून मंडपाकडंच होती. तोंडावरचं हसू तसंच ठेवून म्हणाले, “मोठ्यानं सांग, देवसिंग. तिकडं खुर्च्यांपर्यंत ऐकू जाऊ दे.”

देवसिंगनं मोठ्यानं सांगितलं.