तुरीच्या बरणीवरची रेघ

बाबा चोरून वरण खातात, हे मी ठरवून टाकलं होतं. पुरावा नव्हता, पण अंगठा होता.

उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजायचा. चादर लागली तरी ते कण्हायचे. युरिक ॲसिड वाढलेलं. आई गेल्यावर वरूडची संत्र्याची बाग माझ्या भावावर सोपवून ते माझ्याकडे अमरावतीला राहायला आले होते. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "डाळी जरा कमी करा, पातळ भरपूर प्या." बाबा माळकरी, त्यामुळे मांस-दारूचा प्रश्नच नव्हता. राहिली तूर. मी 'जरा कमी'चं सरळ 'बंद' करून टाकलं. वऱ्हाडातल्या माणसाचं वरण बंद करणं म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्याच माणसाला विचारावं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. मला संशय आला तो तिथंच.

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. डाळीतही असतं ते प्युरिन आपल्या पेशी कसं बनवतात, कसं मोडतात, मोडून त्याचं युरिक ॲसिड कसं होतं, हे दरवर्षी फळ्यावर काढते. मग घरात माझ्यापुढे कोण बोलणार? तुरीच्या बरणीवर मी डाळीच्या पातळीला पेननं बारीक रेघ ओढली आणि रोज तपासायला लागले. रेघ जिथल्या तिथं, डाळ जिथल्या तिथं, आणि अंगठा पुन्हा सुजलेला. म्हणजे हा माणूस बाहेर खातो.

"खरं सांगा, देवळात भंडारा होता ना?"

"होता. मी नुसता शिरा खाल्ला."

"आणि वरण?"

"नाई खाल्लं. तुले काहून खोटं वाटते?"

"मग अंगठा खोटं बोलतो का?"

मी रसाचा पेला त्यांच्यापुढे आदळला.

या रसाचं सांगायला हवं. आमच्या वरूडकडच्या घरांत पाणी मागितलं तरी संत्र्याचा रस येतो. मोठी फळं व्यापारी उचलतो, छाटणीतली बारीक घरी राहतात. भाऊ तीच क्रेट भरभरून पाठवायचा. डॉक्टर म्हणाले पातळ प्या, तर आम्हाला दुसरं पातळ सुचणार कुठून? दिवसातून तीनदा मोठा पेला, आणि बारीक फळ आंबट म्हणून वर चमचाभर साखर.

पुढे बाबा पंधरा दिवस अकोल्याला आत्याकडे गेले. मी लगेच फोन लावला. "आत्या, खरं सांग, वरण देतेस का त्यांना?"

"वाढून राहिली ना, दोन्ही टाइम. पाव्हन्याले काय नुसती भाकर घालू?"

सापडला चोर. बाबा परत आले त्याच सकाळी मी लॅबवाल्याला घरी बोलावून त्यांचं रक्त काढायला लावलं. रिपोर्ट तोंडावर मारायचा होता ना. रिपोर्ट आला तर आकडा उतरलेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला लॅबचाच संशय आला. दुसरीकडे रक्त दिलं, तिथंही तेच. गोळी तीच, वरण दोन्ही वेळ, आणि आकडा खाली. पुन्हा आत्याला फोन.

"प्यायला काय देत होतीस?"

"पानी. अकोल्याच्या उनात दुसरं काय देनार?"

"संत्र्याचा रस?"

"नाई बा. मांगितलाच नाई त्यानं."

फोन ठेवला आणि मला माझाच फळा दिसायला लागला. शरीर बहुतेक प्युरिन स्वतःच बनवतं. पेशी मोडलेलं उचलून पुन्हा वापरतात, पुरेसं झालं की बनवणं आवरतं घेतात. पण फळातल्या साखरेला, फ्रुक्टोजला, यकृतात उचलणाऱ्या एन्झाइमला असा लगामच नाही. ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, भराभर खर्चून टाकतं, आणि खर्चलेल्या एटीपीत जे प्युरिन उरतं ते मोडून युरिक ॲसिड होतं. हा प्रश्न मी परीक्षेत हमखास घालते. त्या मानानं डाळीतलं प्युरिन बिचारं गरीब. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला मी स्वतःच्या हातानं, वर साखर घालून, घरात घेत होते. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोळी चालू ठेवा आणि रस बंद करून बघा."

त्या दिवशी मी बरणी उघडली. वरण लावलं, भातावर तूप सोडलं आणि ताट बाबांपुढे ठेवलं. फार लाज वाटत होती. "बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "वरण नव्हतंच. रस होता तो."

बाबांनी भात कालवला. "ते रेघ मी पह्यल्याच दिवशी पाह्यली होती," ते म्हणाले.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू शिकोते. तुले माईत असन, म्हटलं."

"आणि रस? तो तरी नको म्हणायचा."

त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. "संत्र्याचा रस मले जनमभर कधी आवडला नाई," बाबा म्हणाले. "तू देऊन राहिली होती, म्हून पेलो."